जिनिंगच्या कोपऱ्यावरचा सिग्नल

गेल्या वर्षी सोलापुरात पुतण्याच्या स्कूटरवर मागं बसून निघालो होतो. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. एका चौकात लाल दिवा लागला. चारही दिशांना चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं मात्र आरामात रस्ता ओलांडून गेलं. पुतण्या करवादला, "काका, कुठल्या गाढवानं हा सिग्नल इथं बसवला असेल हो?" सारी नोकरी सडकांच्या खात्यात काढलेली, त्यामुळं त्या गाढवाला मी चांगलाच ओळखत होतो. एके काळी मी स्वतः एक सिग्नल बसवलेला आहे, आणि उपटूनही टाकलेला आहे.

सिग्नल कुठं बसवायचा हे कसं ठरवतात, असं कुणी विचारलं की विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो. त्यात काय, जिथं गर्दी तिथं सिग्नल. तरुणपणी मलाही तसंच वाटायचं. माझं ते वाटणं मडकी विकणाऱ्या एका बाईनं मोडीत काढलं, तिची ही हकीकत. गावाचं नाव सांगत नाही. धाराशिवाहून लोहाऱ्याकडं जाताना लागणारं एक बाजारगाव, एवढंच समजा. तिथली जुनी माणसं माझ्यावर अजून नाराज असतील, कारण त्यांच्या मते मी त्यांचा सिग्नल घालवला.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. कागदावर उस्मानाबाद लिहायचं आणि तोंडानं धाराशिव म्हणायचं, असा काळ. मी मूळचा भूमचा. नोकरीला नवा होतो, हुद्दा सब-ओव्हरसियर. ऐकायला बरं वाटतं, पण काम म्हणजे सायकलीवरून सडका पालथ्या घालायच्या, खडीचे ढीग मोजायचे आणि पावसानं खचलेल्या मोऱ्यांवर उर्दूत अहवाल लिहायचे. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं. त्याचा मला फार गर्व होता.

त्या काळी आमच्याकडं सिग्नल म्हणजे दिवे नव्हेत. एक लाकडी खांब, त्याच्या डोक्यावर चौकोनी खोका. खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू लाल, उरलेल्या दोन हिरव्या. खाली दांडा. पोलिसानं दांड्याला पाव फेरा दिला की लाल होतं तिथं हिरवं यायचं आणि हिरवं होतं तिथं लाल. एवढंच यंत्र. पण जिल्ह्यातल्या लोकांनी ते हैदराबादला जाऊन पाहिलेलं, त्यामुळं ज्या गावात तो खांब उभा राहील ते गाव शहर झालं, अशी सगळ्यांची समजूत होती.

तशी समजूत असलेले सर्वांत मोठे गृहस्थ म्हणजे शिवमूर्ती अप्पा. गावातली कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, त्यांची. कपाळाला विभूती, अंगानं भारदस्त, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांनी सरकारला अर्ज केला होता की आमच्या चौरस्त्यावर सिग्नल पाहिजे, खांबाचा खर्च मी देतो, उद्घाटनाला तालुकदार साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, यावं. पाहणी करायला माझी रवानगी झाली.

चौरस्ता गावाच्या दक्षिण टोकाला. धाराशिवकडून, म्हणजे मावळतीकडून, खडीची सडक येऊन सरळ लोहाऱ्याकडं जायची. तिला आडवी छेदणारी गाडीवाट. खालच्या खेड्यांतल्या बैलगाड्या त्या वाटेनं वर यायच्या, सडक ओलांडायच्या आणि गावात शिरायच्या. खालून येणाऱ्याच्या डाव्या हाताला, बरोबर कोपऱ्यात, अप्पांची जिनिंग. तिची दगडामातीची भिंत हत्ती दडेल एवढी उंच आणि अगदी सडकेच्या कडेपर्यंत आलेली.

आदल्या वर्षी त्याच कोपऱ्यावर भिवा कुंभाराच्या गाडीला मोटारीनं धडक दिली होती. एक बैल जागच्या जागी गेला. भिवाचा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हे सगळं अप्पांच्या अर्जात एका ओळीत होतं आणि तालुकदार साहेबांच्या स्वागताची तयारी पुढच्या आठ ओळींत.

आमच्या धंद्यातली पहिली पायरी मोजणी. कुठल्या बाजूनं किती गाड्या येतात, किती सायकली, किती टांगे, कुठल्या वेळेला. आडव्या वाटेची वर्दळ चांगली असेल आणि ती बराच वेळ टिकत असेल, तरच सिग्नलचा विचार करायचा. घटकाभराची झुंबड धरायची नाही. वरात गेली म्हणून कुणी सिग्नल बसवत नाही.

पहिल्या दिवशी मी जिनिंगच्या समोर, सडकेच्या गावाकडच्या अंगाला, चहाच्या हाटेलापुढं खुर्ची टाकून बसलो. डोक्यावर खात्याची टोपी, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. दुपारपर्यंत चार सायकली, दोन गाढवं आणि अप्पांचा टांगा. बैलगाडी एकही नाही. मी हाटेलवाल्याला विचारलं, तर तो पातेल्यातला चहा ढवळत म्हणाला, "साहेब, तुमी वही घिऊन बसल्यावर कोन यील? आज गाडी लिवून घ्याल, उद्या येठीला धराल."

त्याचं खरं होतं. अधिकाऱ्यांचा दौरा निघाला की सामान वाहायला लोकांच्या गाड्या फुकट धरून नेत, त्याला वेठ म्हणत. माझी वही दिसताच खालच्या खेड्यांना निरोप गेला होता आणि गाड्या ओढ्यातून वळसा घालून मागच्या अंगानं गावात शिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी टोपी, वही, पेन्सिल मुक्कामावरच ठेवली. धोतर नेसून, कोट घालून, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखा त्याच जागी बसलो. कोटाच्या डाव्या खिशात चिंचोके, हरभरे आणि तुरीचे दाणे. बैलगाडी गेली की एक चिंचोका डावीकडून उजव्या खिशात टाकायचा. सायकलीला हरभरा, टांग्याला तूर. मोटार दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची, तिला दाण्याची गरज नव्हती. संध्याकाळी उजवा खिसा उपडा करून धान्य निवडायचं आणि आकडे कागदावर उतरवायचे. ही युक्ती पुढं मी आयुष्यभर वापरली. तिच्यात खोट एकच. एकदा गप्पांच्या नादात मी सकाळच्या सगळ्या सायकली खाऊन टाकल्या.

रविवार ते गुरुवार पाच दिवस बसलो. रोज संध्याकाळी मूठभरदेखील चिंचोके निघेनात. गुरुवारी मी सुबक अक्षरात लिहिलं की सदर चौरस्त्यावर सिग्नलची जरुरत नाही, आणि अपघाताची चौकशी तेवढी उरकून धाराशिवला परतावं म्हणून सायकलीवरून भिवाच्या खेड्याला गेलो.

भिवा अंगणात चाकावर होता. वाकडा पाय बाजूला पसरलेला, हात मातीत. माणूस मुका असावा असं मला आधी वाटलं. सगळी उत्तरं त्याची बायको तुळसाबाई देत होती. उंच, काटक बाई, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. नवरा गाडीवर चढेना म्हणून बाजाराला मडकी घेऊन तीच एकटी गाडी हाकत जायची. बाईमाणसानं कासरा धरलेला मुलखात कुणी पाहिला नव्हता. पहिले काही बाजार लोक हसले, मग हसायचा कंटाळा आला.

"गाडीवर चढ म्हनलं की ह्यांच्या अंगाला कापरं भरतंय," ती म्हणाली. "बाजाराच्या दिशी म्या गेल्यापासनं परत येईस्तवर चाकाला हात लावत न्हाईत. वाटंकडं बघत बसत्यात."

भिवा पहिल्यांदाच बोलला. मान वर न करता म्हणाला, "एक बैल गेला, पाय गेला. आता हिची पाळी हाय, साहेब."

मी त्याला धीर द्यायला गेलो. म्हणालो, "अहो, त्या चौरस्त्यावर फारशी वर्दळच नाही. मी पाच दिवस बसून मोजलंय."

तुळसाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "कंच्या दिशी बसला हुता?"

"रविवार ते गुरुवार."

"आन बाजार?"

"शुक्रवारी असतो ना? शुक्रवारी मला सुट्टी."

"तुमी सुट्टीला जाता तवाच आमी येतो की, साहेब," ती म्हणाली.

आजच्या वाचकाला सांगितलं पाहिजे की निजामाच्या राज्यात आठवड्याची सरकारी सुट्टी शुक्रवारी असायची. हैदराबादेहून आलेल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की मोजणी तातीलच्या, म्हणजे सुट्टीच्या, दिवशी करू नये, कारण त्या दिवशी रस्ते ओस असतात. हैदराबादेत असतीलही. आमच्या गावाचा बाजारच शुक्रवारी. सहा दिवस पेंगणारा चौरस्ता सातव्या दिवशी उठून उभा राहायचा आणि मी नेमका गुरुवारी संध्याकाळी सायकल मोटारीच्या टपावर टाकून निघून जाणार होतो. सुबक अक्षरातला तो कागद मी तिच्या अंगणातच फाडला. तिनं तो चुलीसाठी मागून घेतला.

धाराशिवला आमचे वरिष्ठ होते, त्यांना मोहतमीम साहेब म्हणत. म्हातारे, पान खाणारे, कायद्याला पक्के आणि मनानं तितकेच मऊ. मी शुक्रवारच्या मोजणीची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मियाँ, जुम्मे की गिनती कागज पे नक्को. कायदा है. मगर तातील के दिन तुम चाय पीने कहाँ जाके बैठते, हमना क्या मालूम?"

मी शुक्रवारी चहा प्यायला जाऊन बसलो. सकाळी उजाडल्यापासून खालच्या वाटेनं गाड्यांची रांग लागली. कडबा, कांदे, घोंगड्या, कोंबड्यांच्या पाट्या, नवरा-बायकोची भांडणं. चिंचोके दुपारच्या आत संपले, मग हाटेलवाल्याकडून उसने घेतले. अहवालात दिवस लिहायचा होता तिथं मी फक्त 'बाजारदिवस' एवढंच लिहिलं, आणि खाली शिफारस केली की सिग्नल जरूर बसवावा. दोन बाजारांपुरता तो लावून पाहायची मोहतमीम साहेबांनी मुभा दिली. अप्पांनी सुताराला बोलावून एका आठवड्यात खांब उभा केला. लाल रंग त्यांनी स्वतः पसंत केला.

एक गोष्ट मला त्याच वेळी ऐकू यायला पाहिजे होती. खांब उभा राहत असताना तुळसाबाई बाजारातून परतत होती. गाडी थांबवून ती म्हणाली, "ह्ये कशाला, साहेब? मोटार दिसली तर म्या थांबतेच की. दिसतच न्हाय, ह्यो घोर हाय." मी तिला खोक्याच्या रंगांचा अर्थ समजावून सांगितला. तिनं मान डोलावली आणि ती गेली. मी शिकलेला माणूस होतो, मला मडकी विकणाऱ्या बाईकडून शिकायचं नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी गाव लोटलं. दांड्याला पोलीस चौकीतला एक जवान उभा होता आणि आयुष्यात प्रथमच त्याच्या हातात सत्ता आली होती. तो हाताला येईल तसा खोका फिरवत होता. गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या, माणसं टाळ्या पिटत होती. अप्पा खुर्ची टाकून बसले होते.

तेवढ्यात धाराशिवची मोटार आली. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागं भलंमोठं पिंप बसवून त्यात कोळसा पेटवायचे आणि त्या धुरावर मोटार चालवायचे. ड्रायव्हर हुसेनमियाँ कसलेला माणूस, पण जवानानं त्याच्या तोंडावर लाल बाजू आणली, तेव्हा त्याचा चेहरा पडला. बिचारा थांबला. मोटारीनं दोन उचक्या दिल्या आणि ती विझली.

"साब, ये मोटर नहीं, अंगीठी है," तो मला म्हणाला. "रुकी तो बुझी."

उतारू उतरले. पिंपाला वारा घातला, सळईनं कोळसा ढोसला, मग सगळ्यांनी मिळून मोटार ढकलली. ढकलणाऱ्यांत एक नवरदेव होता, मुंडावळ्यांसकट. तोवर दोन्हीकडं गाड्यांची अशी गर्दी झाली की बाजार अर्धा चौरस्त्यातच भरला. एका बाईनं तिथंच कांदे विकून टाकले. अप्पांना तो दिवस फार आवडला. त्यांच्या मते एवढी गर्दी म्हणजेच शहर.

इथवरची गोष्ट मी कुठंही सांगितली की लोक पोट धरून हसतात. पुढची मी सहसा सांगत नाही.

दुसरा शुक्रवार. जिनिंगचा हंगाम ऐन भरात होता, आत यंत्रं धडधडत होती. मी हाटेलापुढच्या माझ्या जागी. जवानानं खोका फिरवला, खालच्या वाटेला हिरवं आलं, सडकेला लाल. वाटेवर त्या वेळी एकच गाडी होती, तुळसाबाईची. आणि सडकेवरून हुसेनमियाँची मोटार येत होती. त्यानं लाल पाहिलं. पण मागच्या शुक्रवारची ढकलाढकली त्याला आठवली असणार. चौरस्ता त्याला मोकळा दिसत होता. आडव्या वाटेच्या तोंडाशी एकही गाडी नव्हती, म्हणून त्यानं मोटार तशीच सोडली. गाडी भिंतीच्या आड होती.

मला दोन्ही दिसत होती. मी बसलो होतो तिथून भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं दिसायचं. मी ओरडलो. जिनिंगच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, मोटारीचा भोंगा तिला कुठला ऐकू येणार.

बैलांची तोंडं भिंतीबाहेर आली तेव्हा मोटार दोन हातांवर होती. तुळसाबाईनं उभं राहून कासरा असा ओढला की बैल मागच्या पायांवर आले. मोटार धुरळा उडवत निघून गेली. गाडी मागं कलली आणि मडकी घरंगळली. रांजण, डेरे, घागरी, सगळ्यांचा खच पडला. कुणाला काही झालं नाही. बैलांना ओरखडा नाही.

मी धावत गेलो. ती खापरांमध्ये उभी होती.

"हिरवी पाटी दिसली, साहेब," ती म्हणाली. "मोटार न्हाय दिसली."

मग ती म्हणाली, "पाटी नव्हती तवा म्या गाडी थांबवून खाली उतरत हुते. भिताडाच्या कडंनं डोकावून बघत हुते, आन मगच बैल हाकत हुते. आज सरकारी पाटीवर इसवास ठिवला."

इतकी वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. माझ्या खांबानं तिचा धोका कमी केला नव्हता, तिची सावधगिरी तेवढी काढून घेतली होती. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा हाच. गरज नसलेला सिग्नल निरुपद्रवी नसतो. एकजण त्याला जुमानत नाही, दुसरा त्याच्यावर भरवसा टाकतो, आणि दोघं एकाच वेळी चौरस्त्यात येतात.

मी जवानाला दांडा सोडून बाजूला उभं राहायला सांगितलं आणि तुळसाबाईला विचारलं, "मला गाडीत बसवता का? खालून वर, पुन्हा एकदा."

ती गाडी मागं घेऊन गेली. मी तिच्याशेजारी गाडीतल्या गवतावर बसलो. वाटेनं वर येताना डाव्या हाताला नुसती भिंत. कोपरा आला तरी भिंतच. गाडीवानाच्या पुढं धुरा आणि बैल एवढे लांब असतात की माझ्या डोळ्यांना सडक दिसली तेव्हा बैलांची तोंडं सडकेच्या मध्यावर पोहोचली होती. जी गोष्ट दर बाजारी शेकडो माणसं त्या जागेवरून पाहत होती, ती मी इतके दिवस हाटेलापुढं बसून पाहिली नव्हती. मोजणीसाठी मी सगळ्यांत चांगलं दिसणारी जागा निवडली होती आणि तिथून सगळं छान दिसतंय असं कागदावर लिहिलं होतं.

सिग्नल नको होता. कोपरा तासायचा होता. वीस-पंचवीस हात भिंत तिरकी कापली की काम होणार होतं.

त्याच दुपारी अप्पांकडं गेलो. त्यांनी 'शरणार्थ' म्हणत हात जोडले, ताक दिलं, आणि माझं बोलणं ऐकून ताक परत घेतील की काय असं वाटलं.

"बेड, बेड," ते कानडीत नको-नको करत, हात हलवत म्हणाले. "सिग्नल मागितला तर भिंत पाडतो म्हनता? अवो साब, त्यो ईशान्येचा कोपरा हाय. देवाचा कोपरा. आमच्या वडलांनी पूजा करून घातलेला. ईशान्य तुटली की घर बुडतंय."

मी नकाशा काढून दाखवला. त्यांनी नकाशाकडं पाठ केली. कायद्याची भाषा काढली, तर ते तालुकदार साहेबांचं नाव काढायला लागले. शेवटी मी म्हणालो, "अप्पा, एक करा. तुळसाबाईच्या गाडीतून एकदा तो कोपरा ओलांडा. मग म्हणाल तर मी खांब पक्का करून देतो."

अप्पा जन्मात टांग्याशिवाय दुसऱ्या गाडीत बसले नव्हते. पण बाजारात बातमी फुटली होती आणि नाही म्हणावं तर भ्याले असं झालं असतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांना गाडीत चढवायला तिघं लागले. तुळसाबाईनं त्यांच्याखाली जास्तीचं गवत घातलं आणि अदबीनं विचारलं, "कासरा धरता का, अप्पा? बाजूला बसून कळत न्हाय. हाकनाऱ्यालाच कळतंय."

अप्पांनी कासरा धरला. मी मागं. गाडी भिंतीच्या कडेनं वर चढू लागली. अर्ध्या वाटेपर्यंत अप्पा हसतखेळत होते. कोपरा जवळ आला तशी त्यांची मान डावीकडं वळायला लागली, मग सगळं अंगच वळलं, गाडी कलली. भिंत काही संपेना. आतून यंत्रांची धडधड. तोंडाशी आल्यावर त्यांनी बैल थांबवले. पुढं हाकेनात.

"मोटार येती का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"कुनाला ठावं," तुळसाबाई म्हणाली. "आमी आसंच जातो, अप्पा. दर बाजारी."

अप्पांनी कासरा तिच्या हातात दिला आणि खाली उतरले. यावेळी कुणाच्या मदतीशिवाय. भिंतीच्या कडेला गेले, तिच्यावर हात ठेवून सडकेकडं डोकावले.

"भिवाला हितंच लागलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. ह्याच जागी."

"ईशान्य पवित्र ठिवायची असती," अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. "आन आमच्या ईशान्येत मानसाचं रगत सांडलं. ही कसली पवित्र." मग त्यांनी आपल्या मुनीमाला हाक मारली. "सोमवारी पूजा करू. मंगळवारी गवंडी. आयतु."

आयतु म्हणजे झालं, ठरलं. मंगळवारी पहिली कुदळ अप्पांनीच घातली. भिंत तिरकी तासली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी देवळी करून एक पिंड बसवली आणि पुढं ती जागा नवसाची झाली. जिनिंगही बुडाली नाही, उलट जोरात चालली. त्याचं श्रेय अप्पांनी पिंडीला दिलं.

खांब मी उपटायला लावला. गावाला ते लागलं. हाटेलवाल्यानं दोन दिवस मला चहा दिला नाही. "आमचं गाव शहर व्हायलं हुतं, साहेब," तो म्हणाला, "तुमी पुन्यांदा खेडं केलं." मोहतमीम साहेबांनी माझा अहवाल वाचला आणि विचारलं की सिग्नल बसवायला पाठवलेला माणूस भिंत पाडून कसा आला. मग पान लावून दिलं. ते सहसा कुणाला पान लावून देत नसत.

माझी बदली पाऊसकाळ संपल्यावर झाली. जायच्या आधीच्या शुक्रवारी मी हाटेलापुढं बसलो होतो, मोजायला नव्हे, नुसताच. बाजाराच्या गाड्या वर येत होत्या. त्यांत कुंभाराची गाडी होती. मी आधी ओळखलीच नाही, कारण कासरा तुळसाबाईच्या हातात नव्हता. ती मागं मडक्यांत बसली होती. पुढं भिवा, वाकडा पाय गाडीच्या साट्याबाहेर लोंबकळत सोडलेला.

तासलेल्या कोपऱ्याशी येऊन त्यानं बैल थांबवले आणि मान वळवली. आता तिथून सडक पार माळापर्यंत दिसायची. माळाच्या टोकाला धुराची एक रेघ होती. हुसेनमियाँची मोटार, निदान अर्धा मैल लांब. तेवढ्या वेळात भिवाची गाडी दोनदा ओलांडून गेली असती.

"हाका की," मागनं तुळसाबाई म्हणाली. "लई लांब हाय ती."

"दिसतीया न्हवं," भिवा म्हणाला. "जाऊ दे तिला आदी."

तो बसून राहिला. मागं एक गाडी येऊन थांबली, मग दुसरी, मग तिसरी. कुणीतरी शिव्या दिल्या. कोंबड्या कलकलल्या. भिवा कासरा मांडीवर टाकून येणाऱ्या मोटारीकडं बघत होता, एखाद्या पाहुण्याची वाट बघावी तसा, आणि तुळसाबाई मागं तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मोटार आली, धुरळा उडवून गेली, धुरळा बसला, तरी तो आणखी थोडा थांबला.

मी सडकांचा माणूस. वाटेत गाड्या खोळंबल्या की माझा जीव वरखाली होतो. त्या दिवशी जिनिंगच्या कोपऱ्यापासून खाली ओढ्यापर्यंत रांग लागली होती. मी आणखी एक चहा मागवला आणि निवांत बघत बसलो.